गेट नसलेला कारखाना

धनाजी जाधवांची समाधी असलेलं गाव म्हणून पेठ वडगावचं नाव इतिहासात येतं आणि बाजारपेठ म्हणून ते भोवतालच्या खेड्यांच्या तोंडी असतं. कामगारांचं गाव अशी वडगावची ओळख मात्र कुणी सांगत नाही. सांगायला हरकत नसावी. सकाळच्या पाळीच्या वेळी वडगावच्या फाट्यावर उभं राहिलं की माणसं कुठल्या दिशांना पांगतात ते दिसतं. महामार्गानं दक्षिणेला गेलं की शिरोलीची औद्योगिक वसाहत आणि तिथल्या फौंड्र्या. पूर्वेला हातकणंगले ओलांडलं की इचलकरंजीचे यंत्रमाग. वारणेच्या अंगाला साखर. उत्तरेला हाकेच्या अंतरावर किणीचा टोलनाका आहे. फौंड्रीतलं कास्टिंग, मागावरचं कापड आणि खोऱ्यातली साखर घेऊन निघालेले ट्रक तिथं एकाच रांगेत थांबतात.

या पट्ट्यात एकाच घरात तीन धंदे असणं नवलाचं नाही. बापाचं उसाचं शिवार, एक पोरगा फौंड्रीत, दुसरा मागावर. अशा घरात १९९० नंतर मोठी गंमत झाली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं स्वागत केलं होतं. बाजार खुला होऊ द्या, सरकारनं शेतमालाच्या वाटेतून बाजूला व्हावं, ही संघटनेची मांडणी. म्हणजे छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावणाऱ्या बापाला जगाचा बाजार हवा होता, आणि डाव्या युनियनच्या, लाल बावट्याच्या मोर्चात चालणाऱ्या पोराला तोच बाजार दारात नको होता. रंग दोघांचा एकच. पुढं २००४ मध्ये राजू शेट्टींनी स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी काढली आणि उसाच्या दराचं भांडण कारखान्याच्या दारात आणलं, तेव्हा बाप-पोराची भाषा पुन्हा जरा जवळ आली. पण मधल्या दहा-बारा वर्षांत जागतिकीकरण या एका शब्दावर या भागातल्या किती घरांत जेवताना वाद झाले असतील, त्याची नोंद कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

कामगार संघटनांची पहिली प्रतिक्रिया ठाऊक असलेलीच होती. जुलै १९९१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं आणि २९ नोव्हेंबर १९९१ ला डाव्या संघटनांच्या पुढाकारानं त्याविरुद्धचा पहिला देशव्यापी संप झाला. त्याच्या आठवडाभर आधी, २२ नोव्हेंबरला, नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. त्यामागचे दत्तोपंत ठेंगडी हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, भारतीय मजदूर संघाचे संस्थापक. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन झेंडे एकाच आठवड्यात एकाच गोष्टीविरुद्ध उभे राहिले. त्यानंतर देशव्यापी संपांची मालिकाच लागली. २०१५, २०१६, २०१९, २०२० आणि २०२२ ची मार्चअखेर, प्रत्येक वेळी मागण्यांची यादी थोडी लांबत गेली. बँका बंद राहिल्या, विम्याची कार्यालयं बंद राहिली, मोर्चे निघाले. दुसऱ्या दिवशी सगळं चालू.

या संपांना मी नावं ठेवणार नाही. पण वडगाव-इचलकरंजी पट्ट्यातला कामगार जागतिकीकरणाला जे उत्तर देत आला, ते या संपांत फारसं दिसत नाही. इथली अडचणच निराळी. संप करायचा तर कुणाविरुद्ध? युनियनची सगळी जुनी रीत गेटवर उभी आहे. गेटवर झेंडा लावायचा, पाळी सुटताना गेटमीटिंग घ्यायची, गेट अडवायचं. इथं ते गेटच नाही.

*

गेट कसं गेलं, याची सुरुवात मुंबईत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या अडीच लाखांत कोकण, सातारा आणि कोल्हापूरचे किती, हे गिरणगावातल्या खोल्यांच्या गावकी मंडळांना विचारावं. संप औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यामधल्या संरक्षक भिंती काढायला घेतल्या. गिरण्यांतलं विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं सरकलं. गिरणीच्या जमिनीवर पुढं काय उभं राहिलं ते सगळ्यांना दिसतं. गिरणीतला माग कुठं गेला, हे बघायला मात्र इचलकरंजीच्या गल्लीत यावं लागतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. विठ्ठलराव दातार यांनी तो आणला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठीशी बळ उभं केलं. म्हणजे हे गाव काही गिरणी संपाच्या राखेतून उठलेलं नाही. त्याला स्वतःची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. पण १९८५ नंतर त्याची वाढ ज्या पद्धतीनं झाली, ती युनियनच्या दृष्टीनं महत्त्वाची. १९४८ च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार ही मर्यादा होती. दहाच्या आत राहिलं की फॅक्टरी इन्स्पेक्टर नाही, हजेरीपत्रक नाही, कँटीन-पाळणाघराचा प्रश्न नाही. मग एकाच छपराखालचे माग बायकोच्या, भावाच्या, मुलाच्या नावावर वाटले गेले. मधे एक विटांची भिंत, स्वतंत्र वीजमीटर, आणि झाले चार कारखाने. महाराष्ट्रात युनियनला मान्यता देणारा १९७१ चा कायदा पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथं चालतो. सहा माणसांच्या शेडमध्ये मान्यता कुणाला द्यायची आणि कशाची?

त्याहून गुंतागुंतीची गोष्ट वेगळीच आहे. ज्याला कामगार मालक म्हणतो, तो अनेकदा खर्चीवाला असतो. सूत त्याचं नसतं, कापडही त्याचं नसतं. व्यापारी त्याला बीम, म्हणजे ताण्याचं गुंडाळलेलं सूत, आणि बाण्याचं सूत देतो, तो विणून देतो आणि पिकाला, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्याला, अमुक पैसे अशी मजुरी घेतो. या भागात त्याला खर्चीवाला यंत्रमागधारक म्हणतात. त्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज, महावितरणचं बिल आणि व्यापाऱ्याची उधारी. कामगाराला मीटरवर मजुरी, मालकाला पिकावर मजुरी. दोघंही मजूरच, फक्त एकाच्या नावावर माग आहे. व्यापाऱ्याचं कापड पुढं पाली, बालोतरा, अहमदाबादला प्रोसेसिंगला जातं. तिथून ते शर्ट होऊन कुठल्या देशात जाईल, की उत्तर प्रदेशातल्या बाजारात धोतर म्हणून विकलं जाईल, याचा पत्ता इचलकरंजीत कुणालाच नसतो.

सुताचा भाव कुठं ठरतो? कापसाचा वायदा न्यूयॉर्कच्या बाजारात हलतो, त्यापाठोपाठ गिरण्या सुताचे दर हलवतात. मार्च २०१२ मध्ये केंद्रानं कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि काही दिवसांत ती मागे घेतली. त्या आठवड्यात सूत व्यापारी, कापूस उत्पादक आणि यंत्रमागधारक तिघंही तीन दिशांना ओरडत होते. १ जानेवारी २००५ ला जगभरातली कापड-कपड्यांची कोटा पद्धत संपली आणि चीनचं कापड मोकळं झालं. सप्टेंबर २०११ मध्ये भारतानं बांगलादेशाच्या ४६ वस्त्र वस्तूंवरचं आयात शुल्क काढून टाकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. यातल्या प्रत्येक निर्णयाचा धक्का मागापर्यंत येतो. येताना तो व्यापारी, खर्चीवाला असे टप्पे घेत येतो आणि शेवटी कामगाराला एवढंच ऐकू येतं: बीम आलेलं नाही, दोन दिवस घरी बस.

*

मजुरीचा हिशेब एकदा नीट मांडून बघण्यासारखा आहे, कारण संप पैशांवर का होतात ते त्याशिवाय कळत नाही. पैसे म्हणजे रुपयाचे शंभर पैसे, त्यातले.

मोजमापाचा पाया बावन्न पिकांचा. एका इंचात आडव्या सुताचे बावन्न धागे. एका मीटरला ते दोन हजारांहून थोडे अधिक होतात. साधा माग मिनिटाला साधारण १२० फेऱ्या मारतो, म्हणजे एक मीटर कापड उतरायला सतरा मिनिटं. पाळी बारा तासांची. माग एकदाही थांबला नाही तर बेचाळीस मीटर होईल. पण तो थांबतोच. ताण्याचा धागा तुटतो, धोट्यातली कांडी संपते, वीज जाते. तीस-पस्तीस मीटर उतरलं तर बरं म्हणायचं. एक कामगार सहा माग बघत असेल तर पाळीला दोनशे मीटरच्या आसपास. आता मीटरमागं पाच पैसे वाढले तर दिवसाला किती? दहा रुपये. या पाच पैशांसाठी गाव महिना महिना बंद राहतं. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. वाढ आठवड्याच्या पगारात येते आणि किराणा दुकानदाराच्या वहीतून जाते, म्हणून त्यात चमत्कारिक काही नाही.

आणि हे सगळे हिशेब फक्त मागवाल्याचे. कांडी भरणाऱ्या बायका, वहिफणीवाले, जॉबर, घडीवाले, दिवाणजी, सायझिंगमधले कामगार यांचे दर वेगळे, त्यांची भांडणंही बऱ्याचदा वेगळी.

२०१३ च्या सुरुवातीला इचलकरंजीतले यंत्रमाग कामगार संपावर गेले. महिन्याहून अधिक काळ गावाचा खडखडाट थांबला. या संपातून जे निघालं ते माझ्या मते या पट्ट्यातलं जागतिकीकरणाला मिळालेलं सगळ्यात हुशार उत्तर आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. युनियननं केवळ वाढ मागितली नाही. दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाला धरून मजुरी आपोआप वाढावी आणि कामगार खात्यानं ती वाढ जाहीर करावी, असं ठरवून घेतलं. हजारो शेड, हजारो मालक, प्रत्येकाशी वेगळं बोलणं अशक्य. मग मालकाला बाजूला ठेवून निर्देशांकाशीच करार करायचा. दर जानेवारीत कामगार कार्यालयातून एक आकडा निघणार, तो बावन्न पिकांच्या तक्त्यात बसवायचा, झालं. ज्या धंद्यात मालक कोण हेच सांगता येत नाही, तिथं वाटाघाटीचं टेबल सहायक कामगार आयुक्तांच्या दालनात नेऊन ठेवणं ही साधी युक्ती नाही.

तरी पण दर जानेवारीत वाद होतोच. मालक संघटना मंदीचं कारण पुढं करतात, खर्चीवाले म्हणतात व्यापारी पिकाचा दर वाढवत नाही तर आम्ही कुठून द्यायचं. त्यांचं खोटं नसतं. पण साखळीत वर बोट दाखवता येणं ही सोय शेवटच्या माणसाला नसते.

निर्देशांकाशी करार केला की निर्देशांकाचं राजकारणही अंगावर येतं. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राच्या लेबर ब्युरोतून निघतो. सप्टेंबर २०२० पासून त्याचं पायाभूत वर्ष २००१ वरून २०१६ झालं आणि जुना आकडा नव्यात बसवण्यासाठी २.८८ हा गुणक ठरला. हा गुणक कमी धरलाय, अशी तक्रार देशभरातल्या संघटनांनी केली. ज्या केंद्रांतल्या बाजारभावांवरून महाराष्ट्राचा निर्देशांक काढतात, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही गावं आहेत. इचलकरंजी नाही, कोल्हापूरही नाही. म्हणजे इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या खोलीत राहणाऱ्या विणकराची महागाई सोलापूरच्या ज्वारीच्या आणि पुण्याच्या भाड्याच्या भावानं मोजली जाते. युनियनच्या कार्यकर्त्याला आता हे सगळं कळावं लागतं. घोषणा देणाऱ्याला कॅलक्युलेटर घेऊन बसावं लागतं.

दोन वर्षांनी दुसरा मोठा संप झाला, सायझिंग कामगारांचा. २०१५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं यंत्रमाग उद्योगाचं किमान वेतन बऱ्याच वर्षांनी सुधारलं. अधिसूचना निघाली, पण सायझिंग मालक न्यायालयात गेले. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देऊन बीम तयार करण्याचं काम. ते थांबलं की मागावर चढवायला बीम नाही आणि हळूहळू सगळं गाव थांबतं. थोड्या माणसांच्या हातात मोठं बटण. जुलैपासून दीड महिन्याहून अधिक काळ ते बटण बंद राहिलं. या संपात मागणी मालकानं अमुक द्यावं अशी नव्हती. सरकारनं स्वतःच काढलेला कागद अमलात आणावा, अशी होती. पुन्हा तेच. भांडण कारखान्यातलं, पण उत्तर मागायचं सरकारकडं.

*

दुसऱ्या ठिकाणी दुसरा मार्ग निघाला, तो बघितला तर इथं तो का निघू शकत नाही ते कळतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. त्यानंतर जागतिक कामगार महासंघांनी परदेशी कपडे कंपन्यांकडून इमारतींच्या सुरक्षिततेचा कायदेशीर बंधनकारक करार लिहून घेतला. तमिळनाडूतल्या दिंडिगलला एका तरुण दलित कामगार मुलीच्या हत्येनंतर तिथल्या युनियननं निर्यातदार कंपनीशी आणि स्टॉकहोमच्या एच अँड एमसारख्या ब्रँडशी एप्रिल २०२२ मध्ये करार केला. दोन्हीकडं युनियन थेट साखळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. कपड्याच्या लेबलवर नाव होतं, त्या नावाला लाज होती, त्या लाजेवर दाब देता आला.

इचलकरंजीच्या मलमलीवर, पॉपलीनवर, केंब्रिकवर कुणाचं लेबल असतं? मागावरून ग्रे कापड उतरतं, रंग-छपाई परराज्यात होते, शिलाई तिसरीकडं. स्टॉकहोमच्या दुकानापुढं उभं राहून सांगायला इथल्या कामगाराजवळ काही नाही. म्हणून इचलकरंजीचा कामगार ब्रँडकडं गेला नाही, कामगार आयुक्ताकडं गेला. त्याच्या दृष्टीनं तेवढाच पत्ता खरा होता.

फौंड्रीतली गोष्ट थोडी वेगळी. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना गाडीच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्या हे ठरलेलं गिऱ्हाईक असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या कंपन्यांत अंतर्गत युनियन असतात, तीन-चार वर्षांनी वेतनाचा करार होतो, कायम कामगाराला त्यात बरी वाढ मिळते. पण कायम कामगार दर वर्षी थोडे थोडे निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी ठेकेदाराकडची पोरं येतात. २०१९ च्या वाहन उद्योगाच्या मंदीत आधी कामावरून थांबले ते ठेकेदारीतलेच. करार करणारी युनियन जिंकत राहते आणि जिंकणाऱ्यांची संख्या कमी होत राहते. या प्रकारावर कामगार नेत्यांनी अजून मोकळेपणानं बोलायला हवं. ठेकेदारीतल्या पोराला सभासद करून घ्यायचं तर कायम कामगाराची वाढ थोडी वाटून घ्यावी लागते, आणि ते कुठल्या सर्वसाधारण सभेत मंजूर होईल?

*

यंत्रमागवाल्यांनी आयुक्ताचं दार धरलं, त्याच काळात असंघटित कामगारांच्या संघटनांनी आणखी पुढचं दार धरलं: मंडळ. कल्पना नवी नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळानं मालक आणि हमाल यांच्या मधे बसून हमाली गोळा केली, तीच वाटली, भविष्यनिर्वाह निधीही कापला. ज्या कामगाराचा मालक रोज बदलतो त्याचा मालक मंडळच. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं बांधकाम कामगारांसाठी हीच कल्पना वेगळ्या रूपात आली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मंडळात जमा होतो आणि त्यातून नोंदणीकृत कामगाराला मदत मिळते. महाराष्ट्रात हे मंडळ २०११ पासून उभं राहिलं आणि कोल्हापूर जिल्ह्यात लाल बावट्याच्या बांधकाम संघटनेनं त्याची नोंदणी गावोगाव पोचवली.

आज वडगावसारख्या बाजारगावात बांधकाम कामगार म्हटलं की लोकांना वाळू-सिमेंटच्या आधी नूतनीकरणाची तारीख आठवते. ९० दिवसांच्या कामाचा दाखला, ऑनलाइन अर्ज, सुरक्षा संचाची पेटी, भांड्यांचा संच, पोरांची शिष्यवृत्ती. युनियनचं कार्यालय सेतू केंद्रासारखं दिसू लागलं, अशी टीका होते. मला ती अर्धीच पटते. गवंड्याच्या मुलीला इंजिनिअरिंगची फी मिळत असेल तर ते युनियनचंच काम आहे, आणि चांगलं काम आहे. पण मंडळाच्या लाभासाठी बांधकामावर कधीच न गेलेल्यांची नावं नोंदवली जातात, मधे एजंट उभे राहतात, आणि मग खऱ्या कामगाराला संघटना आणि एजंट यांच्यातला फरक कळेनासा होतो. ज्या दिवशी तो फरक पुसला जाईल, त्या दिवशी संपाची हाक दिली तर किती माणसं येतील? अर्ज भरायला आलेला माणूस मोर्चाला येतोच असं नाही.

यंत्रमाग कामगारांसाठी वेगळं कल्याणकारी मंडळ हवं, ही मागणीही जुनी आहे. एखाद्या आमदाराच्या भाषणात ती येते, निवडणुकीनंतर पुन्हा मोर्चात येते.

*

कोल्हापूरनं जागतिकीकरणाला आणखी एक उत्तर दिलं आणि त्यात युनियन नावापुरतीसुद्धा पुढं नव्हती. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे या दोघांनी कामगार चळवळीचं सगळं शिक्षण रस्त्यावरच्या नागरिकाला दिलं. एन. डी. एन्रॉनविरोधात उभे राहिले, जागतिकीकरणविरोधी कृती समितीचं काम त्यांनी राज्यभर नेलं, रायगडमधल्या सेझला तिथल्या शेतकऱ्यांनी सप्टेंबर २००८ मध्ये जनमत चाचणीत नकार दिला त्यामागं तेच होते. पानसरे वकील. बिंदू चौकातल्या लाल बावट्याच्या कार्यालयात मोलकरणींपासून फेरीवाल्यांपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी त्यांच्यापुढं यायची. कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांसाठी खासगी कंपनीनं टोल लावला, तेव्हा हे दोघं आघाडीवर होते आणि त्यांच्यामागं रिक्षावाले, व्यापारी, तालीम मंडळं, सगळ्या पक्षांचे लोक. १६ फेब्रुवारी २०१५ ला पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्याच वर्षाअखेर सरकारनं टोल रद्द केला. एन. डी. जानेवारी २०२२ मध्ये गेले.

ही लढाई जिंकली, कारण तिथं टोलनाका होता. पैसे कुठं घेतात, कोण घेतं, हे रस्त्यावर उभं राहून दाखवता येत होतं. इचलकरंजीतही वीजदराविरुद्ध आंदोलन होतं तेव्हा हेच दिसतं. प्रताप होगाडे वर्षानुवर्षं वीज ग्राहकांची बाजू आकडेवारीनिशी मांडतात आणि त्या मोर्चात यंत्रमागधारक आणि कामगार एकाच गर्दीत चालतात. बिल दोघांना दिसतं. न्यूयॉर्कचा वायदा दिसत नाही. जुन्या कार्यकर्त्यांना मालकाबरोबर चालणं पसंत नसतं, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नाही. वीज सवलत मिळाली की ती मजुरीच्या तक्त्यापर्यंत पोचतेच असं नाही.

*

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत विलीन झाले. तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागणार नाही, यावर टीव्हीवर बरीच चर्चा झाली. इथल्या शेडला तीनशे काय आणि शंभर काय, सारखंच. कारखाना ठरण्याची मर्यादा मात्र विजेवरच्या ठिकाणी दहावरून वीस झाली. म्हणजे जे काम मालक भिंत बांधून करत होते, ते आता कायद्यानंच केलं.

संपाच्या कलमाचा परिणाम इथं खोल जाईल. कुठल्याही आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जाईल. गिरणीत हे सोपं आहे, एक मालक, एक नोटीस. हजारो शेडांच्या गावात नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची? प्रत्येक खर्चीवाल्याच्या? मालकांच्या संघटनेला दिली तर संघटना म्हणणार की आम्ही कुणाचे मालक नाही. वाटाघाटीची युनियन म्हणून मान्यता हवी असेल तर आस्थापनेतले ५१ टक्के कामगार सभासद हवेत. सहा माणसांच्या शेडमध्ये चौघांचा दाखला आणायचा आणि शेजारच्या शेडमध्ये पुन्हा पहिल्यापासून. २०१३ सारखा गावभराचा संप आणि गावभराचा करार या चौकटीत कुठं बसतो, हे आता पहिल्या वादात न्यायालयातच ठरेल.

तोवर मागही बदलत चाललेत. १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आली आणि कर्जाच्या व्याजावर सवलत मिळू लागल्यानं बिनधोट्याचे माग, रेपियर, एअरजेट वाढू लागले. हातकणंगले, यड्राव, तारदाळच्या बाजूला मोठ्या, बंदिस्त शेड उभ्या राहिल्या. एअरजेट मिनिटाला सहाशेच्या वर फेऱ्या मारतो आणि त्यावर मीटरमागं मजुरी लावली तर तक्त्याची सगळी गणितं कोसळतात. म्हणून तिथं महिन्याचा ठरलेला पगार असतो, निदान तोंडी. कामगार बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून, बऱ्याचदा ठेकेदारामार्फत येतो आणि शेडजवळच्याच खोलीत राहतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे कामगार गावाकडं निघाले, तेव्हा कोण किती आणि कुठल्या शेडमधले हे सांगणारी यादी प्रशासनाला हवी होती.

गंमत अशी की ज्या मोठ्या शेडची युनियनला पन्नास वर्षं वाट बघावी लागली, ती आता खरोखर उभी आहे. गेटसुद्धा आहे, त्याला वॉचमन आहे, रजिस्टर आहे. आत जाणाऱ्याचं नाव मात्र त्या रजिस्टरात ठेकेदाराच्या नावाखाली असतं. बावन्न पिकांचा तक्ता घेऊन तिथं गेलं तर उपयोग नाही. तिथं पहिली मागणी मजुरीवाढीची करून चालणार नाही. हजेरीपत्रकावर नाव, त्यामागोमाग भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक, मग ईएसआयचं कार्ड, असंच चढत जावं लागेल, आणि ते सांगायला जाणाऱ्या कार्यकर्त्याला भोजपुरी नाही तर निदान बरी हिंदी यावी लागेल.